सिगारेट सोडल्यावर टिक्स वाढतात का? पुन्हा ओढली तर थांबतील का?

प्रश्नातली माहिती अशी: वय ३८, डोळे मिचकावणं आणि मान झटकणं या टिक्स (ऊर्मी येऊन पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) लहानपणापासून, पंचविशीनंतर बरंच शांत. दिवसाला पंधरा सिगारेटी होत्या, उठल्याबरोबर पहिली. नऊ दिवसांपूर्वी एकदम बंद केल्या. आता टिक्स वाढल्या आहेत, सारखं खाकरणं सुरू झालंय, पाय एका जागी ठरत नाहीत. रात्री हॅलोपेरिडॉलची गोळी चालू आहे.

थोडक्यात उत्तर: हो, सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन ते चार आठवड्यांत टिक्स वाढू शकतात. पण तुमच्या बाबतीत सगळं निकोटिनवर ढकलू नका. सिगारेट थांबली की शरीरात निदान तीन गोष्टी एकदम बदलतात. तिघींचा वेग वेगळा, उपायही वेगळा. नेमकं काय चाललंय हे न पाहता टिक्सच्या गोळीचा डोस वाढवला, तर त्रास उलट वाढायची शक्यता आहे.

पहिली गोष्ट निकोटिनची. टिक्सचा संबंध मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी आहे, म्हणून तर हॅलोपेरिडॉलसारखी डोपामिन अडवणारी औषधं त्यावर चालतात. निकोटिन डोपामिन वाढवतं, मग ते बंद झाल्यावर टिक्स कमी व्हायला हव्यात, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात दिवसभर निकोटिन मिळत राहिलं की मेंदूतले त्याचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निकोटिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा) बधिर होतात आणि त्यांची संख्याही वाढते. त्यामुळे परिणाम उलटाही होऊ शकतो. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या, आधी सिनसिनाटी आणि नंतर साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या, संशोधकांनी टूरेट सिंड्रोम (हालचालींच्या आणि आवाजाच्या टिक्सचा विकार) असलेल्या मुलांना हॅलोपेरिडॉलच्या जोडीला निकोटिनचं च्युइंगगम आणि नंतर ७ मिलिग्रॅमचा पॅच देऊन पाहिला. टिक्स कमी झाल्या, पण मळमळ आणि उलट्यांनी मुलं हैराण झाली. हे प्रयोग छोटे होते आणि तो उपचार रोजच्या वापरात कधी आला नाही. त्यातून एवढं मात्र कळतं की काही जणांत निकोटिन टिक्स दाबून धरतं. ते काढून घेतलं की दाबलेलं वर येणार. त्यात सोडल्यानंतरची चिडचिड, अपुरी झोप, बेचैनी आणि लक्ष न लागणं यांची भर पडते. ताण आणि जागरण टिक्सना किती मानवतं, हे तुम्हाला सांगायला नको.

याचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. शेवटच्या सिगारेटनंतर ४ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तेव्हा नवव्या दिवशी तो उताराला लागलेला असायला हवा. अजून चढताच असेल तर पुढच्या दोन गोष्टींकडे बघा.

दुसरी गोष्ट धुराची. इथेच बहुतेकांची गफलत होते. तंबाखूच्या धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम जोरात काम करतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. कॅफीन आणि काही औषधं याच वाटेने शरीराबाहेर पडतात, त्यामुळे ओढणाऱ्यांत ती लवकर निघून जातात. धूर थांबला की एन्झाइमचा जोर दर दीडेक दिवसाला निम्म्याने उतरतो आणि आठवडाभरात नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणजे तुम्ही तेवढाच चहा पिताय, पण रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास गेलेलं असू शकतं. हात थरथरणं, छातीत धडधड, रात्री दोनला टक्क जाग या तक्रारी निकोटिनच्या खात्यावर मांडल्या जातात, आणि असतात बऱ्याचदा चहाच्या. त्यात सिगारेट सुटल्यावर टपरीवर वेळ घालवायला माणूस एक कटिंग जास्तच घेतो. आजपासून चहा-कॉफी निम्मी करा, दुपारी दोननंतर बंद. एकदम शून्यावर मात्र आणू नका. कॅफीन अचानक तोडल्याची डोकेदुखी आत्ता अंगावर घ्यायची गरज नाही.

आता औषध. हॅलोपेरिडॉलही काही प्रमाणात याच वाटेने जातं. ओढणाऱ्यांच्या रक्तात त्याची पातळी कमी राहते आणि सोडल्यावर त्याच गोळीत ती वाढू शकते. पातळी वाढली की अंग आखडणं, झोपाळूपणा, आणि सर्वांत फसवं लक्षण म्हणजे अकॅथिसिया: आतून एक अस्वस्थता, पाय हलवत राहावंसं वाटणं, बसलं की उठावंसं वाटणं. पाहणाऱ्याला ते टिक्स वाढल्यासारखं किंवा सिगारेटच्या तलफेसारखं दिसतं. मग डॉक्टरांना ‘टिक्स वाढल्या’ एवढंच सांगितलं जातं, डोस वाढतो आणि अकॅथिसिया आणखी चढतो. तुमचं ‘पाय ठरत नाहीत’ हे वाक्य वाचून मला सर्वांत आधी हीच शंका आली. फरक असा ओळखा: टिकच्या आधी त्या ठरावीक जागी खाज किंवा ताण जाणवतो, हालचाल झाली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि ती हालचाल दर वेळी जवळपास तशीच असते. अकॅथिसियात ठरावीक जागा नसते आणि सुटकाही होत नाही. चाललं की बरं वाटतं, थांबलं की पुन्हा तेच.

म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करून सांगा: ‘अमुक तारखेला सिगारेट बंद केली, हॅलोपेरिडॉल इतकं चालू आहे, पाय ठरत नाहीत.’ तारीख सांगायला विसरू नका, त्यांचा हिशेब तिथूनच सुरू होतो. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ओलांझापिन किंवा क्लोझापिन (ही मानसिक आजारांवरची औषधं) चालू असेल तर त्यांच्यासाठी हा मुद्दा कितीतरी मोठा आहे. त्यांनी सोडायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. टिक्सवर दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल आणि क्लोनिडिनवर धुराचा फारसा परिणाम होत नाही.

तिसरी गोष्ट सवयीची. सिगारेट ओढताना हात-तोंडाची ठरलेली, लक्ष गुंतवणारी हालचाल होते, श्वास लांब सुटतो, माणूस पाच मिनिटं गर्दीतून बाजूला होतो. अशा कामात टिक्स तशाही कमी होतात. तुम्ही दिवसातून पंधरा वेळा असा विसावा घेत होता, तो गेला. पण विसाव्याला धूर लागत नाही. त्याच वेळी उठा, बाहेर जा, नाकाने चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. हाताला काम हवं असेल तर पेन किंवा जपमाळेचे मणी चालतील. बडीशेप, लवंग तोंडात ठेवा. सुपारी नको.

खाकरण्याचं वेगळं सांगतो. धुराने लुळ्या पडलेल्या श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना पुन्हा जोर आला की साठलेला कफ वर यायला लागतो. त्यामुळे सोडल्यानंतर काही आठवडे खोकला वाढणं नेहमीचं आहे. कफ सुटत असेल, झोपेतही खोकला येत असेल, तर ती टिक नव्हे. कफ नाही, कामात गुंतलं की विसर पडतो आणि कुणी विषय काढला की लगेच सुरू होतं, तर टिक असण्याची शक्यता जास्त. कधी खऱ्या कफाने सुरुवात होते आणि टिक्सचा कल असलेल्या माणसात तेच पुढे टिक म्हणून चिकटतं. म्हणून घसा कोरडा पडू देऊ नका. कोमट पाण्याचे घोट घेत राहा आणि खाकरायची उबळ आली की आधी गिळा. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकी तपासून घ्या. थुंकीत रक्त दिसलं तर तेवढंही थांबू नका.

टिक्ससाठी आत्ताच करता येण्याजोगं काम म्हणजे प्रतिस्पर्धी हालचाल. टिक्सच्या वर्तनोपचारातला हा मुख्य भाग आहे. मोठ्यांवरही त्याची नीट चाचणी झालेली आहे. मान झटकायची ऊर्मी आली की हनुवटी किंचित आत घ्या, नजर समोर ठेवा आणि मानेचे स्नायू हलकेच ताणून एक मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत तसेच राहा. डोळ्यांसाठी दर तीन ते पाच सेकंदांनी मुद्दाम सावकाश, मऊ पापणी मिटायची. खाकरण्यासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास. जोर लावू नका. मान कडक करून ठेवली तर संध्याकाळपर्यंत दुखायला लागते आणि ते दुखणंच नव्या टिकचं निमित्त होतं. दिवसभर सगळ्या टिक्सशी झुंजायचं नाही. सर्वांत त्रासदायक एक निवडा आणि आठवडाभर तिच्याच मागे लागा.

निकोटिनचा पर्याय घ्यावा का? माझ्या मते तुमच्यासारख्याने घ्यावा, डॉक्टरांना विचारून. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. चघळायची पद्धत साध्या च्युइंगगमसारखी नाही. आठ-दहा वेळा सावकाश चावा, झणझणलं की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. सतत चावत राहिलं तर निकोटिन पोटात जातं: उचकी, जळजळ, आणि उपयोग शून्य. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी किंवा आंबट काही नको, नाहीतर तोंडात ते शोषलंच जात नाही. जबड्याची टिक असेल किंवा दात खाण्याची सवय असेल तर गम टाळून पॅच घ्या. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असणाऱ्यांसाठी नेहमीचा क्रम २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे असा असतो. दंडावर केस नसलेल्या कोरड्या जागी लावा, रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढा. गम असो की पॅच, एन्झाइमचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण त्यात धूर नाही. चहा आणि गोळीचा हिशेब तसाच राहतो.

सिगारेटऐवजी तंबाखू-चुना किंवा मशेरी धरणाऱ्यांचंही हेच. निकोटिन चालू राहतं, तलफ सुटत नाही, धूर थांबल्यामुळे औषधाची पातळी तरीही बदलते, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका.

सिगारेट सोडायच्या गोळ्यांत ब्युप्रोपिऑनबद्दल सावध राहा. ते डोपामिन वाढवणारं औषध आहे आणि त्याने टिक्स वाढल्याच्या नोंदी आहेत. शिवाय दुसऱ्या एका एन्झाइमला अडवून ते हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल आणि टेट्राबेनाझिनची पातळी वर नेऊ शकतं. लिहून देणाऱ्याला टिक्सबद्दल माहीतच नसेल तर हे सहज निसटतं. उलट क्लोनिडिन हे टिक्सचंही औषध आहे आणि धूम्रपान सोडवण्यासाठी दुसऱ्या फळीत वापरतात. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. त्याने झोप येते, रक्तदाब उतरतो, आणि अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एक ओढून बघावी का? नको. निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, टिक्स थोड्या वेळापुरत्या शांतही होतील. त्यातून फक्त तलफ होती एवढंच सिद्ध होईल आणि मेंदू ‘टिक आली की सिगारेट’ ही जोडी पक्की करेल.

त्यापेक्षा मोजा. रोज रात्री नऊला मोबाइल समोर ठेवून पाच मिनिटं व्हिडिओ घ्या, त्यातल्या टिक्स दुसऱ्या दिवशी मोजा. शेजारी झोपेचे तास, चहाचे कप आणि गोळीची वेळ लिहा. एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व देऊ नका. टिक्स मुळातच आठवड्या-आठवड्याने वरखाली होतात. आठवड्याची सरासरी बघा. चौथ्या आठवड्यानंतरही ती उतरत नसेल तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

जीभ किंवा ओठ आपोआप वळत असतील, मान एका बाजूला वळून अडकत असेल, किंवा ताप येऊन अंग कडक झालं असेल तर ती टिक समजून घरी थांबू नका. हे औषधाचे दुष्परिणाम असू शकतात. ताप आणि कडकपणा एकत्र आले किंवा मान-जबडा अडकला तर सरळ इमर्जन्सीत जा. मन खूप उदास असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सिगारेट सोडण्यासाठी आधार हवा असेल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे बोलताना टिक्स आणि हॅलोपेरिडॉल या दोन्हींचा उल्लेख सुरुवातीलाच करा.