रिहॅबमध्ये (लकवा वगैरे झालेल्यांना पुन्हा हिंडतं-फिरतं करायच्या वॉर्डात) नवीन लागलीयेस ना, आधी एवढं सांभाळ

अभिनंदन गं! मशिनं, टेपिंग वगैरे नंतर शिकशील, सुरुवातीला एकच बघ, पेशंट पडता कामा नये. बेडवरून व्हीलचेअरवर घेताना नाहीतर बाथरूमला जाताना पडतात, बेल वाजवून कोणी येत नाही मग बिचारे स्वतःच उठतात.

- व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या, म्हणजे लकवा नसलेल्या बाजूला लाव, दोन्ही ब्रेक, फूटरेस्ट वर, मगच उठव.
- झोपलेल्याला एकदम उभं करू नको, बीपी पडतं. जरा काठावर बसव.
- पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदल, नाहीतर दाबाने जखमा होतात. टाचा आणि माकडहाड रोज बघ, लाली दिसली की लगेच सांग.

आणि लकवा मारलेला हात धरून ओढायचं नाही म्हणजे नाही! खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली निसटतो, मग महिनोन्महिने दुखणं, आणि नातेवाईक तर प्रेमाने हातालाच धरून उठवतात, त्यांनाही शिकव, पेशंटच्या कमरेला बांधतात तो बेल्ट धरायचा. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाणीसुद्धा पाजू नको.

नवीन पोरं लाजून मदत मागत नाहीत, ही सगळ्यात कॉमन चूक. पेशंट जड असेल तर वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना) हाक मार, सीनियर चिडले तर चिडू देत.