वाचकांचे प्रश्न : ‘लर्निंग डिसॅबिलिटी नर्स’ला पगार किती?

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे, सोलापुरात एका खासगी रुग्णालयात तीन वर्षं काम करते. इंग्लंडमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी नर्स’ला भरपूर पगार असतो, असं एक एजंट सांगतो. हेच काम इथे करता येईल का? हातात किती पडेल?
– एक परिचारिका, जुळे सोलापूर

उत्तर : आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता म्हणजे वाचन, लेखन, गणितातली अडचण. ब्रिटनमध्ये त्याच शब्दांचा अर्थ बौद्धिक दिव्यांगता. अशा रुग्णांना फिट येणं, गिळताना ठसका लागणं, त्यांची औषधं, अंगावर धावून येणं, हे सगळं तिथली ही नर्स सांभाळते. तिथे ती नर्सिंगच्या चार शाखांपैकी एक. भारतात तशी वेगळी नोंदणी नाही, त्यामुळे वेगळी वेतनश्रेणीही नाही.

इथे राहिलात तर पगार साध्या अधिपरिचारिकेचाच. राज्य शासनाच्या कायम जागेला एस-१३ ही वेतनश्रेणी, मूळ वेतन महिन्याला ३५,४००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १९,४७०, म्हणजे ५४,८७०, घरभाडं वेगळं. त्यातून एनपीएसचे (निवृत्तिवेतन योजनेचे) ५,४८७ आणि व्यवसाय कराचे २०० जातात. या कामाच्या सर्वांत जवळची जागा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिथे वाढीत अडचण असलेल्या मुलांची तपासणी आणि उपचार होतात. पण ती भरती बहुतेक कंत्राटी असते. जाहिरातीत ‘एकत्रित मानधन’ दिसलं की भत्ते विसरा. विशेष शिक्षिका व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्य अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. नर्सिंगची नोंदणी त्यासाठी चालत नाही.

आता इंग्लंड. सरकारी सेवेत नव्या नर्सला बँड ५ (बँड म्हणजे तिथली वेतनश्रेणी) : २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून, आठवड्याला साडेसदतीस तास. रात्रपाळी आणि शनिवारी ३० टक्के, रविवारी ६० टक्के जादा. बँड ६ ला ३८,६८२ पासून. हे आकडे करकपातीआधीचे आहेत, थेट रुपयांत गुणून हुरळू नका.

खरी मेख नोंदणीत आहे. ज्या शाखेचं शिक्षण दाखवता येईल, त्याच शाखेत नोंदणी होते. आपल्याकडचं शिक्षण सहसा प्रौढ रुग्णसेवेत बसतं. म्हणून जाहिरातीत फक्त लर्निंग डिसॅबिलिटीची नोंदणी मागितली आहे की इतर नर्सही चालतील, हे आधी वाचा. इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा, मग प्रात्यक्षिक परीक्षा, असा क्रम असतो. शेवटची पार होईपर्यंत पगार बहुधा खालच्या बँडचा.

भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेणं तिथल्या आचारसंहितेत बसत नाही. एजंटने पैसे मागितले तर तिथेच थांबा. आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, नर्सिंग परिषद आणि अनुभवपत्र यांवर एकच नाव आहे ना, ते आजच बघा. फायली तिथेच अडकतात.