चिनी शास्त्रज्ञांचं इंग्रजी आणि तुमच्या मुलीची नोकरी

प्रिय ताई,

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आता तिला चिनी संशोधकांचे इंग्रजी पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापण्याआधी तपासायचं काम मिळतंय. ‘एवढं शिकून दुसऱ्यांच्या इंग्रजीतल्या चुका काढत बसायचं का?’ असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, जाऊ द्या तिला.

२०१६च्या जानेवारीत ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात माणसाच्या हाताच्या रचनेवर एक पेपर आला. लेखक मुख्यतः वूहानच्या एका विद्यापीठातले. हाताची ठेवण ही ‘क्रिएटर’ची, म्हणजे विधात्याची योजना आहे, असं त्यात लिहिलेलं. जगभर गदारोळ झाला आणि मार्चमध्ये पेपर मागे घेतला गेला. आक्षेप मांडणीवरही होते, पण वाद पेटला तो या शब्दावरून. इंग्रजी आमची मातृभाषा नाही, त्या शब्दाचा असा अर्थ निघेल हे आमच्या ध्यानात आलं नाही, असं लेखकाने सांगितलं. छापण्याआधी कुणीतरी ‘तुम्हाला इथे निसर्ग म्हणायचंय का?’ एवढं विचारायला हवं होतं. तुमच्या मुलीचं काम हेच.

चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, वस्तूंच्या नामांचं अनेकवचन सहसा वेगळं दिसत नाही, आणि इंग्रजीतली ‘अ’, ‘द’ ही उपपदं तर नाहीतच. त्यामुळे कच्च्या मसुद्यात ‘सॅम्पल’ एक की तीन, हे कळत नाही. व्याकरण येणारा माणूस अंदाजाने ‘एस’ लावून मोकळा होईल. जिने स्वतः प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशवरच्या जिवाणूंच्या वसाहती मोजल्यात, ती थांबेल आणि समासात लेखकाला प्रश्न लिहील. ‘द’ तर मराठीतही नाही. तो घोकून शिकावा लागतो म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

आणि इंग्रजी कच्चं म्हणून शास्त्र कच्चं समजू नये, हे तिला आवर्जून सांगा. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाच्या रचनेचा पेपर १९७७ साली चिनी भाषेतच छापला गेला होता. त्याच शोधासाठी तू योयो यांना २०१५चं नोबेल मिळालं.

काम टिकेल का, ही तुमची शंका रास्त आहे. चीनमध्ये कित्येक वर्षं बढती, पदवी, रोख बक्षिसंसुद्धा ‘एससीआय’ या निवडक नियतकालिकांच्या यादीतल्या पेपरांवर ठरत. त्या यादीत बहुतेक नियतकालिकं इंग्रजी. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथल्या सरकारने ही बक्षिसं बंद करायला आणि पेपरांच्या संख्येपेक्षा दर्जा बघायला सांगितलं. त्यातच साधं व्याकरण आता सॉफ्टवेअर सुधारतं. म्हणून नुसत्या इंग्रजीच्या जोरावर तिने राहू नये, विषयाचं वाचन चालू ठेवावं. मुंबईत २००२ साली सुरू झालेली कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी याच क्षेत्रातली, म्हणजे घराजवळही वाट आहे. दोन वर्षांच्या अनुभवानंतर ‘बेल्स’ या जीवशास्त्र-संपादकांच्या संस्थेची परीक्षा देता येते.

मला भीती आहे ती एकाच गोष्टीची. काही मंडळी संपादनाच्या नावाखाली अख्खे पेपर लिहून विकतात. २०२३मध्ये हिंदावी या प्रकाशनाने आठ हजारांवर पेपर मागे घेतले, त्यांत असला माल बराच होता. तेव्हा सही करण्याआधी तिने कंपनीला स्पष्ट विचारावं: आकडे किंवा निष्कर्ष आम्हाला लिहावे लागतील का? आणि शंका आली तर लेखकाला थेट विचारता येईल का? पहिल्याला ‘हो’ किंवा दुसऱ्याला ‘नाही’ आलं, तर पगार कितीही असो, तिथे पाठवू नका.