मालवणची होडी, आईची सत्तरी आणि मुदत ठेव

ठाण्याच्या एका वाचकताईंचं पत्र आहे. 19 मेला आईला सत्तर वर्षं पूर्ण होतात. घरची अकरा माणसं मालवणला जाणार आणि दिवसभरासाठी एक होडी घेणार: सिंधुदुर्ग किल्ला, देवबाग, त्सुनामी आयलंड आणि जमलं तर निवती रॉक. एकूण खर्च 62,000, त्यात होडीचे 27,000, तेही सगळे आगाऊ. ऑगस्टमध्ये पूर्ण होणारी दोन लाखांची, वर्षाची, 7 टक्क्यांची ठेव मोडू का, असं त्या विचारतात. भाऊ म्हणतो, क्रेडिट कार्डावर हप्ते करू.

ताई, ठेव मोडू नका. पण तोटा फार मोठा आहे म्हणून नव्हे. नऊ महिन्यांनी मोडलीत तर बँक बहुधा नऊ महिन्यांचा दर धरेल आणि वर दंड कापेल. दर 6 आणि दंड 1 टक्का धरला तर आजवरच्या व्याजात तीन हजारांच्या आसपास फटका बसेल. पैशांची अगदीच निकड असेल तर याच ठेवीवर कर्ज मिळतं, ठेवीच्या दराहून साधारण एक-दीड टक्का जास्त व्याजाने. साठ हजारांचं तीन महिन्यांचं व्याज बारा-तेराशे होईल. कार्डाच्या हप्त्यांत व्याज, प्रक्रिया शुल्क आणि वर जीएसटी येतो. तो पर्याय सोडाच.

मला खरी काळजी त्या 27,000 आगाऊची वाटते. जिल्ह्यातलं जलपर्यटन साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतं, आणि तुमची तारीख त्याला अगदी खेटून आहे. मेच्या उत्तरार्धात दर्या खवळायला लागतो. सगळे पैसे देऊन बसलेलं कुटुंब जेटीवर उभं असलं की ‘आता आलोच आहोत तर जाऊया’ हेच तोंडात येतं. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोन जण दगावले. त्या दिवसाची कारणं काहीही असोत, ‘आज नको’ म्हणायची मोकळीक तुमच्या हातात राहिलीच पाहिजे, आणि ती आगाऊ रकमेवर ठरते. एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका. समुद्र खराब असला किंवा बंदर खात्याने वाहतूक थांबवली तर पूर्ण परतावा मिळेल, एवढं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

वाढदिवस 19 तारखेला घरीच करा, पुरणपोळी करून. होडी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तोवर ठेव आपोआप पूर्ण झालेली असेल, आणि नाताळची गर्दी व चढे दर सुरू व्हायचे असतील.

दिवस निवडताना कॅलेंडरमध्ये तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशोब. अष्टमीला भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. मालवणात थोडं आधी धरा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी, म्हणून जेटीवर चढता-उतरता आईंचे गुडघे वाचतील. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा किल्ला उरका. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी त्यांना नक्की दाखवा. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या कुरटे बेटावर 1664 मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं, ते काय बघून, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मग ओहोटी गाठून कर्ली खाडीच्या मुखाशी, त्सुनामी आयलंडच्या वाळूवर. दुपारी खारा वारा सुटायच्या आत परत.

निवती रॉक मात्र यादीतून काढा. तो खुल्या समुद्रात आहे, आणि सत्तरीच्या माणसाला इतका वेळ लाटांवर हेलकावे खायला लावण्यात अर्थ नाही. तेवढा टप्पा कमी झाला की होडीवाल्याकडून दरही उतरवून घ्या. वाचतील ते पैसे जेवणावर आणि आईंच्या खोलीवर घाला, खोली तळमजल्याचीच बघा.

होडीची नोंदणी, प्रवासी क्षमता आणि विमा विचारा. अकरांना अकरा लाइफ जॅकेट, मुलांची मापं वेगळी. मुलं स्कुबा करणार असतील तर तुमची अपघात पॉलिसी आधी वाचा, साहसी खेळ बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

ऑगस्टमध्ये ठेवीचे पैसे आले की साठ हजार बचत खात्यात ठेवा आणि उरलेले पुन्हा वर्षभरासाठी गुंतवा. गाडीचं आरक्षण मात्र सुरू होईल त्याच दिवशी करा, कोकण रेल्वेच्या जागा थांबत नाहीत.