सुईची तारीख रिपोर्टवर लिही

प्रिय दोस्ता,

आपल्या दोघांनाही क्लाइनफेल्टर, म्हणजे जन्मापासूनच एक एक्स गुणसूत्र जास्त. अंडकोष पुरेसं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवत नाहीत, म्हणून ते बाहेरून घ्यावं लागतं. तुझे दोन्ही रिपोर्ट नीट पाहिले. पहिल्यात टेस्टोस्टेरॉन ११८०, दुसऱ्यात २१०. पहिला पाहून तुमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, डोस कमी करू. दुसरा पाहून जिममधला ट्रेनर म्हणाला, वाढव. आणि आता तू मला विचारतोयस की दोघांत बरोबर कोण. अरे, सुई कधी घेतली होतीस हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, तर बरोबर कोण हे ठरवायचं कशावरून?

फोटोंवरून मीच तारखा जुळवल्या. पहिलं रक्त तू इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी दिलंस आणि दुसरं विसाव्या दिवशी. तुला मिळतं ते टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, २५० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. हे तेलातलं औषध. ते स्नायूत साठून राहतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी टोकाला जाते आणि मग दर चार-पाच दिवसांनी साधारण निम्मी होत येते. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात टाकी किती भरलेली असते, हे वार सांगितल्याशिवाय सांगता येईल का? तुझे दोन्ही आकडे खरेच आहेत. एकाच डोसचे आहेत, एवढंच.

एनॅन्थेट किंवा त्याच्यासारखंच सायपिओनेट घेणाऱ्याने दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर रक्त द्यायचं, असा रिवाज आहे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मध्यावरची पातळी ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असावी. त्याच्या बाहेर गेली तर डोस किंवा अंतर बदलावं. तुझा मध्य म्हणजे दहावा-अकरावा दिवस. त्या दिवसाचा रिपोर्ट तुझ्याकडे अजून एकही नाही.

तरी माझा अंदाज सांगतो. डोसपेक्षा अंतराची अडचण दिसतेय. त्याच सूचनांमध्ये दर दोन आठवड्यांनी १५० ते २००, किंवा दर आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम असा हिशोब दिला आहे. तीन आठवडे ओढून नेलं की पहिले दिवस जोरात आणि शेवटचे मरगळलेले जाणारच. तू लिहिलं आहेस की तिसऱ्या आठवड्यात आईवर विनाकारण खेकसतोस आणि दुपारी ऑफिसात डोळे मिटतात. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीस का? ती रिपोर्टमध्ये छापून येत नाही. एक साधी वही कर: सुईची तारीख, झोप, चिडचिड, कामेच्छा, व्यायामातला दम. बदल मात्र एंडोक्रिनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरनेच करायचा. ट्रेनरने नाही, मीही नाही.

पुढे कधी औषध बदललं तर रक्त द्यायची वेळही बदलेल, हे लक्षात ठेव. टेस्टोस्टेरॉनचाच दुसरा प्रकार अनडेकॅनोएट, त्याचं १००० मिलिग्रॅमचं मोठं इंजेक्शन असतं. दुसरी सुई सहा आठवड्यांनी आणि नंतर साधारण १० ते १४ आठवड्यांनी. त्यात तपासणी पुढच्या सुईच्या अगदी आधी. कातडीवर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्याने ते लावल्यानंतर दोन ते आठ तासांच्या आत रक्त द्यायचं, पण ज्या हाताला जेल लावलं त्या हाताचं नाही. कातडीवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात उतरलं तर आकडा भलताच वर दिसतो. शिवाय तुमच्या घरात बहिणीचं लहान मूल असतं. जेल लावलेल्या अंगाला ते बिलगलं तर औषध त्याच्या अंगात जातं, म्हणून जागा झाकायची आणि हात साबणाने धुवायचे.

लॅब शक्यतो एकच ठेव. एकच नमुना दोन लॅबमध्ये दिलास तरी आकडे जुळतील असं नाही, कारण पद्धती वेगळ्या असतात. युनिट वाच. कुठे ५.२ नॅनोग्रॅम प्रति मिलि लिहितात, कुठे ५२० प्रति डेसिलिटर, दोन्ही एकच. परदेशातला तुझा चुलतभाऊ १८ म्हणतो ते नॅनोमोल प्रति लिटर, त्याला २८.८ ने गुणलं की आपला आकडा येतो, म्हणजे त्याचंही ५२०च्या आसपासच आहे. आणि केसांसाठी त्या बायोटिनच्या गोळ्या घेतोस ना? काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते लॅबला विचार. ताप येऊन गेला असेल तर आठवडाभर थांब.

आता ज्या आकड्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, त्याबद्दल. हिमॅटोक्रिट. उपचाराआधी ४४ होतं, आता ५१ आहे. रिपोर्टात ते खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं आणि तुम्हा सगळ्यांचे डोळे टेस्टोस्टेरॉनवर. खरं तर मला त्या ११८० पेक्षा या ५१ ची काळजी जास्त आहे. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात त्या पेशींचा वाटा किती. वाटा वाढला की रक्त दाट होतं. ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवून, खाली आल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू करतात. सुईने असे उंच चढउतार झाले तर हिमॅटोक्रिट जेलपेक्षा जास्त वाढतं, म्हणूनही अंतराचा प्रश्न महत्त्वाचा. उपचाराआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हायलाच हवी.

तुझ्या-माझ्यासारख्यांना हे जास्त लागू आहे. क्लाइनफेल्टरमध्ये, म्हणजे ४७,एक्सएक्सवाय गुणसूत्रं असलेल्या पुरुषांमध्ये, शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच इतरांपेक्षा अधिक असतो. तेव्हा सिगारेट सोड. घोरतोस असं तुझा रूममेट म्हणतो. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही हिमॅटोक्रिट वाढतं, म्हणून तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. उपाशीपोटी रक्त द्यायचं असलं तरी पाणी पिऊन जा, नाहीतर नुसत्या कोरडेपणाने आकडा चढतो. परस्पर रक्तदान करून तो उतरवायचा असं काही जण सांगतात. वारंवार केलं तर अंगातलं लोह संपतं आणि नवा थकवा लागतो, म्हणून तेही विचारल्याशिवाय नाही. एका पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर मला मेसेज टाकत बसू नकोस. थेट हॉस्पिटल गाठ.

ट्रेनरने इस्ट्रोजेन उतरवायला लेट्रोझोल सुचवलं, हे वाचून मात्र डोकं फिरलं. टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग शरीर स्वतःच इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे एका इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि पुरुषालाही ते लागतं. हाडांसाठी लागतं, कामेच्छेसाठी लागतं. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इस्ट्रॅडिऑल दाबलेल्या पुरुषांची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. आपली हाडं आधीच कच्ची राहण्याची भीती असते. डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी याबद्दल डॉक्टरांना विचार. छातीत गाठ लागली तर दाखव. गोळी मात्र नको.

एलएच आणि एफएसएच, म्हणजे अंडकोषांना कामाला लावणारी मेंदूकडची हार्मोन्स, आधी खूप वाढलेले होते, आता खाली येतायत म्हणून घाबरलास. ते तसंच होतं. अंडकोष काम करत नव्हते म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जोरजोरात निरोप पाठवत होती. आता बाहेरून हार्मोन मिळतंय, तर निरोप कमी झाले.

पण याच कारणाने एक विषय लांबणीवर टाकू नकोस. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची उरलीसुरली निर्मितीही दाबतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या वीर्यात शुक्राणू सापडतच नाहीत, तरी सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातून ते शोधण्याची शस्त्रक्रिया असते आणि चांगल्या केंद्रांत निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते मिळतात. वय वाढेल तशी शक्यता कमी होते. तू २४ चा आहेस. माझं निदान लग्नानंतर मूल होत नाही म्हणून झालं, तोवर ही शस्त्रक्रिया आमच्या भागात कुणी करतही नव्हतं. आम्ही मुलगी दत्तक घेतली, ते तुला ठाऊकच आहे. तुझ्याकडे अजून पर्याय आहे. औषध सुरू झालं म्हणजे दार बंद झालं असं नाही, पण अँड्रोलॉजिस्टची, म्हणजे पुरुष-वंध्यत्वाच्या डॉक्टरची भेट याच महिन्यात घे.

घरी स्थळं पाहायला लागलेत असं लिहिलंयस. पत्रिका दाखवायच्या आधी मुलीला हे सांगायचं. मावशी काहीही म्हणोत. हॉस्पिटलच्या फाइलसकट सांगायचं, आणि वाटलं तर मी सोबत येईन.

आणि तुझे घरचे काका व्हॉट्सॲपवर टेस्टोस्टेरॉनने हार्टॲटॅक येतो असे मेसेज पाठवतात त्याचं. २०२३ साली पाच हजारांहून जास्त पुरुषांवरचा टेस्टोस्टेरॉनचा ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात औषधाच्या गटात वाढलेले दिसले नाहीत. हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त दिसल्या. ते सगळे ४५ ते ८० वयाचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले होते. तुझी गोष्ट वेगळी आहे, तरी गुठळीचा मुद्दा तिथेही निघाला, एवढं काकांना सांग.

पुढची सुई सोमवारी आहे. तिच्यानंतर दहाव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी, नेहमीच्याच लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉन आणि सीबीसी (हिमॅटोक्रिट ज्यात येतं ती रक्तपेशींची तपासणी) दोन्ही एकाच वेळी दे. पावतीवर सुईची तारीख पेनाने लिही. रिपोर्ट आला की आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टला दाखव, मग मला पाठव.

तुझा,
काका