पाळणाघराची फी एकट्या आईच्याच पगारातून का वजा करताय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात वाकडला राहता, तुमच्या हातात ७८,००० येतात, मिसेसच्या हातात ४२,०००, घराचा हप्ता ३८,०००, एसआयपी १०,०००. बाळ साडेचार महिन्यांचं, रजा संपायला ७ आठवडे. सोसायटीतल्या काकू पाळणाघराचे ८,५०० घेतात, ऑफिसजवळचं चकाचक डेकेअर १९,०००. आणि १९,००० वर जाण्यायेण्याचे ६,००० धरले तर मिसेसच्या पगारातले १७,०००च उरतात, मग ३ वर्षं नोकरी सोडलेली काय वाईट?

अहो, बाळ दोघांचं ना, मग वजाबाकी तिच्या एकटीच्या पगारातून कशाला? १,२०,००० मधून करा, चित्र लगेच बदलतं. शिवाय हातात येत नाही ते तुम्ही धरलंच नाहीये. तिचं बेसिक २४,००० म्हणताय, म्हणजे पीएफ तिचा २,८८० आणि कंपनीचा तेवढाच, महिन्याला ५,७६० (कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनला जातो, पण आहे तो तिचाच). नोकरीला ४ वर्षं २ महिने झालेत, आता सोडली तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडायचं, ५ पूर्ण केली तर जवळजवळ ६९,००० होतात. आणि ३ वर्षांनी परत गेल्यावर बहुतेक आजच्याच पगारावर सुरुवात करावी लागेल, तोवर वर्षाला ८% वाढ धरली तरी तो ५२-५३ हजार झाला असता, हा फरक पुढे कितीतरी वर्षं भरत राहायचा. त्यामुळे निव्वळ पैशासाठी सोडू नका. तिलाच घरी राहायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तिचं मत तुमच्या मेलमधे कुठेच दिसलं नाही बरं का.

आता ८,५०० की १९,०००. पाळणाघरात खरा खर्च ताईंच्या पगाराचा, आणि बाळ सांभाळायचं काम काही केल्या फास्ट होत नाही. समजा ताईला १६,००० देतात. तिच्याकडे ४ बाळं असतील तर एका बाळामागे ४,०००, १० असतील तर १,६००. म्हणजे लक्ष देणारे हात वाढवायला जास्तीचे फक्त २,४०० लागतात, आणि तुमच्या दोन पर्यायांत फरक आहे १०,५०० चा! बाकीचं भाडं, एसी, कॅमेरे, अ‍ॅप आणि फ्रँचायझीच्या पाटीचं. अमेरिकेत १९९५ मधे ४ राज्यांतली ४०० च्या आसपास पाळणाघरं तपासली होती, ७ मधलं १च खऱ्या अर्थाने चांगलं निघालं, आईवडिलांना मात्र आपलं मस्तच वाटत होतं.

म्हणून संध्याकाळी ५ ला न सांगता जाऊन बघा. एक ताई पायाने पाळणा हलवतेय, मांडीवर एकाला बाटली, तिसरं कोपऱ्यात ओल्या लंगोटात रडतंय, असं दिसलं तर फी कितीही असो, परत फिरा. विचारायचं एवढंच, एका ताईकडे वर्षाच्या आतली किती बाळं, आणि ही ताई इथे किती दिवस आहे. ताई दर ३ महिन्यांनी बदलत असेल तर पगार कमी देतात असं समजा. काकूंकडे १३ मुलं आणि मदतीला एकच मावशी, एवढ्या लहान बाळाला मला ते नको वाटतं, ३ वर्षांचं झाल्यावर तिथेच बिनधास्त टाका.

मी १२-१३ हजारांतलं, एका ताईकडे ४-५ बाळं असलेलं, बिनपाटीचं शोधलं असतं. पुढची दीड वर्षं एसआयपी ५,००० वर आणा, काही बिघडत नाही, नंतर वाढवा. टॅक्समधे फार आशा ठेवू नका, जुन्या रेजीममधे प्लेस्कूलची ट्यूशन फी ८०सी कलमाच्या दीड लाखाच्या वजावटीत बसते, डेकेअरची नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी मिसेसना एचआरला मेल टाकायला सांगा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला पाळणाघराची सोय द्यावीच लागते, दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाऊनही येता येतं. तिच्या ऑफिसात ३०० जण आहेत म्हणालात. बऱ्याच कंपन्या जवळच्या डेकेअरशी टायअप करून फीचा काही भाग उचलतात, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ते १९,००० वालं त्यांच्या यादीत निघालं तर माझा वरचा हिशोब बाजूला ठेवा आणि मला नवीन आकडा कळवा.