वहिनीच्या चहातली गोळी

घर दारव्हा तालुक्यात आणि पत्र ओहायोतून. ताई, तुमचे प्रश्न चार आहेत, पण तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका ओळीपाशीच मी अडले. "वहिनी गोळी घेत नाही म्हणून आई तिच्या चहात कुस्करून घालते. चार महिने बरं चाललं होतं. परवा मात्र तिनं आईच्या डोक्यात फुंकणी घातली. बाईमाणूस असं करू शकतं?"

करू शकतं. आणि का केलं, तेही तुमच्याच पत्रात आहे. वहिनी म्हणत होती, "मले चहातून औषध घालतेत, मले मारून टाकाले पाहतेत." ताई, यातलं अर्धं खरंच होतं!

सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं त्या आजारात, 'मला विष घालतायत' हा संशय बऱ्याचदा दिसतो. असा माणूस पुरावा शोधत असतो. चहा कडवट लागतो, तळाशी पांढरी भुकटी राहते, सासू कप रिकामा होईपर्यंत समोर उभी असते. पुरावा मिळाला की कप देणारा हातच शत्रू ठरतो. आजारी बाईच्या हातून घडणारी हिंसा म्हणूनच बहुधा चुलीपाशी घडते आणि जो सांभाळतो त्यालाच लागते. अमेरिकेत मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांकडे वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा हिंसेचं प्रमाण बायकांत आणि पुरुषांत जवळपास सारखं निघालं. फरक एवढाच की बायकांची हिंसा जास्त करून घरात, घरच्यांवर होती, आणि तिच्यात अटक कमी झाली होती. म्हणजे ती दिसत नाही. आपण परदेशातले तर ती व्हिडिओ कॉलवर कधीच पाहत नाही.

आईंना दोष देत नाही. रोजच्या भांडणाला कंटाळून, मायेपोटीच त्यांनी हे केलं. आमच्या घरानंही आधी हीच वाट धरली होती, म्हणून इतक्या कळकळीनं सांगते.

गोळी एकदम बंद करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना खरं सांगा: कधीपासून, किती मिलिग्रॅम, कपात किती चहा उरायचा. त्यांना वाटतंय ती पूर्ण गोळी घेतेय. गुण नाही म्हणून ते डोस वाढवतील. आणि रिसपेरिडोन या सायकोसिसवरच्या औषधाचं पातळ रूप असेल तर ते चहात मिसळायचंच नसतं, त्याच्या वेष्टणातल्या पत्रकातच तसं लिहिलेलं असतं. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं चहातून गोळी देणं सोडा. गोळ्यांची पट्टी वहिनीच्या हातात, गोळी तिनंच काढायची, पाणी तिनंच ओतायचं. देणारा आईंखेरीज कुणीतरी हवा, तिचा भाऊ किंवा गावातली आरोग्यसेविका आशाताई. जेवण सगळ्यांच्या भांड्यातून तिनंच वाढून घ्यावं.

तरीही घेत नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत जिल्ह्याच्या गावी जाणं राहतं, गोळ्या संपतात, आणि आजार तिथूनच उलटतो. औषधानं ती एका जागी बसेनाशी झाली, सारखी येरझारा घालू लागली, तर वेड वाढलं असं धरू नका. तो औषधाचाच परिणाम असू शकतो. डोस बदलून जातो.

वादळ येण्याआधी झोप जाते. रात्री दोन-तीन तासच झोप, अन्न हुंगणं, वेगळी चूल मांडणं, ही लक्षणं दिसली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बिथरली तर एकानंच बोलावं, दोन हात लांब राहून, तिची दाराकडची वाट मोकळी ठेवून. 'असं काही नाही' म्हणून वाद नको. 'तुला भीती वाटते ना' एवढं पुरे. विळा, कुऱ्हाड आणि फवारणीचे डबे कुलुपात. फवारणीच्या औषधाचा धोका तिच्या स्वतःच्या जिवालाही आहे. कुणाला इजा होण्याची वेळ आली तर 112, नेण्यासाठी 108, सल्ल्यासाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, तिथं मराठीत बोलता येतं. ती नाही म्हणाली तरी दाखल करायची वेळ आलीच, तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 खाली दादाला तिचा प्रतिनिधी म्हणून अर्ज करता येतो. ही मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची. साखळीनं बांधायला मात्र याच कायद्यानं बंदी आहे.

राहिलेले तीन प्रश्न. घटस्फोटाचं आत्ता बोलूच नका. सैलानी बाबांच्या दर्ग्याला न्यायचं असेल तर न्या, गोळ्या सोबत असू द्या. डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन जा, मुक्काम यवतमाळला करा.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून चुकली, ताई. सबंध पत्रात वहिनीची चौकशी एकदाही नाही. रविवारच्या कॉलवर ती फक्त चहा घेऊन येताना दिसते. येत्या रविवारी फोन तिच्या हातात द्यायला सांगा आणि झोप लागते का, एवढंच विचारा.